जाहिरात नेमकं काय म्हणते? वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरं

जाहिराती, मालिका आणि रील्सबद्दल जे काही खटकतं ते विचारा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. पत्रं भरपूर आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून त्यांतले दहा प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं जाहिरातनिर्मितीत काम करणाऱ्यांनी आणि ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती बहुतेक उत्तरांत डोकावेल. जाहिरात धडधडीत खोटं क्वचितच बोलते. ती खरं वाक्य बोलते आणि चुकीचा निष्कर्ष आपला आपल्यालाच काढू देते.

प्रश्न : ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’, ‘केसगळती ९८ टक्क्यांपर्यंत कमी’, ‘जगात नंबर वन’ हे आकडे येतात कुठून? आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ असते, तिच्यात काय लिहिलेलं असतं? (एक गृहिणी, सांगली)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या मुंगीएवढ्या ओळीतच असतं. वर आकडा, खाली अट. टी.व्ही.चा मोबाइलवर फोटो काढा, मोठा करा आणि वाचा. साधारण चारपैकी एक गोष्ट सापडेल : चाचणी प्रयोगशाळेत झाली, ठरावीक जंतूंवरच झाली, तुलना कंपनीने स्वतः निवडलेल्या एखाद्या साध्या उत्पादनाशी केली, किंवा आकडा मोजमापाचा नसून वापरणाऱ्यांना विचारलेल्या मताचा आहे.

केसांचंच घ्या. अशा शाम्पूच्या जाहिरातीखालची ओळ बहुधा अशी असते : ‘केस तुटल्यामुळे होणारी गळती, कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत.’ केस मुळापासून गळणं वेगळं आणि विंचरताना मधेच तुटणं वेगळं. कंडिशनरमुळे केस गुळगुळीत होतात, कंगवा अडकत नाही, तुटणं कमी होतं. एवढंच मोजलेलं असतं आणि तेवढं खरंही असतं. बाळंतपणानंतर, तापानंतर किंवा थायरॉइडमुळे जे मुळातून गळतं त्याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. पण ‘केसगळती’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तो न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला पुंजका.

‘९९.९ टक्के’ म्हणजे हजारात एक उरतो. दहा लाख जंतू असतील तर एक हजार शिल्लक राहतात. शिवाय ते किती वेळात मरतात हे महत्त्वाचं. फरशी पुसायच्या द्रवाच्या बाटलीमागे किती पाण्यात किती टोपणं आणि किती मिनिटं ओलं ठेवायचं ते छापलेलं असतं. काही बाटल्यांवर ही वेळ पाच-दहा मिनिटांची असते. आपण बादलीत अंदाजाने अर्धं टोपण ओततो, पुसतो आणि लगेच पंखा लावतो. त्या आकड्यामागची अट तिथेच मोडते.

‘पर्यंत’ हा शब्द कमाल मर्यादा सांगतो, हमी देत नाही. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ असलेल्या दुकानात एका रॅकवर ५० आणि बाकी सगळीकडे १० टक्के असले, तरी पाटीवरचं वाक्य खरंच ठरतं. ‘दुप्पट’ ऐकलं की ‘कशाच्या?’ विचारावं. ‘नंबर वन’ ऐकलं की कुठे, कोणत्या वर्षी आणि रुपयांत की नगांत? मार्च २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइन टूथपेस्टच्या ‘जगभरातल्या दंतवैद्यांची शिफारस’ आणि ‘जगात नंबर वन’ अशा आशयाच्या दाव्यांवर १० लाख रुपये दंड लावला. आधार म्हणून दाखवलेली पाहणी फक्त भारतातल्या दंतवैद्यांची होती.

त्या बारीक ओळीलाही नियम आहेत. प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवी. वरचं दिशाभूल करणारं विधान खाली दुरुस्त करून भागत नाही. १९८५ पासून काम करणारी ‘ॲस्की’, म्हणजे जाहिरात उद्योगाची स्वनियमन संस्था, सांगते की अशा मजकुराच्या दोनच ओळी असाव्यात आणि प्रत्येक ओळीमागे तो चार सेकंदांहून जास्त काळ पडद्यावर राहावा. म्हणजे मराठी दाव्याखाली इंग्रजी ओळ झर्रकन गेली, तर तेवढ्यावरही तक्रार करता येते.

‘सगळ्यात चविष्ट’, ‘आईच्या हातची माया’ अशी वाक्यं मात्र यात येत नाहीत. ती मोजताच येत नाहीत, म्हणून त्यांना दावा मानत नाहीत. अतिशयोक्तीला मुभा असते.

प्रश्न : दहा-वीस रुपयांचं पाकीट दिसायला तेवढंच असतं, पण लवकर संपतं. भास आहे का? (अमरावती)

भास नाही. किंमत वाढवली की गिऱ्हाईक लगेच ओळखतं, वजन घटवलेलं ओळखत नाही. २० रुपयांच्या १०० ग्रॅमच्या पाकिटात ९० ग्रॅम भरले, तर ग्रॅमचा भाव २० पैशांवरून सुमारे २२ पैसे होतो. म्हणजे ११ टक्के वाढ, पाकिटावर किंमत मात्र तीच. आता पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव छापावा लागतो. किलो-लिटरपेक्षा मोठ्या पॅकवर तो किलोचा किंवा लिटरचा असतो. दोन पाकिटांची तुलना त्या एका आकड्याने करा. ‘२० टक्के जादा’चे चट्टे आणि ‘फॅमिली पॅक’ ही नावं वाचूच नका. मोठा पॅक दर वेळी स्वस्त पडतोच असंही नाही.

प्रश्न : जाहिरातीतलं आइस्क्रीम वितळत का नाही आणि थंड पेयाच्या बाटलीवरचे थेंब ओघळत का नाहीत? (इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, रत्नागिरी)

थेंबांपासून सुरू करू, कारण तो प्रयोग तुला घरीही करता येईल. बाटलीवर आधी चमक मारणारा फवारा देतात, म्हणजे दिव्याचा झगझगाट काचेत दिसत नाही. मग ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून स्प्रेच्या बाटलीतून मारतात. ग्लिसरीन घट्ट असतं आणि सहज सुकत नाही, त्यामुळे थेंब तासन्‌तास जागेवर राहतात. एखादाच थेंब ओघळायला हवा असेल तर तो ड्रॉपरने वेगळा सोडतात. ग्लासातला बर्फ बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो. खरा बर्फ तडकतो, तरंगतो आणि पेय फिकट करतो.

आइस्क्रीमचं गणित कोणाची जाहिरात आहे यावर ठरतं. वाडगे विकायचे असतील तर त्यातलं आइस्क्रीम म्हणजे डालडा, पिठीसाखर आणि घट्ट पाक मळून केलेला गोळा, नाहीतर उकडलेला कुस्करलेला बटाटा. स्कूपची खरबरीत कड बटाट्यावरही छान उठते. पण आइस्क्रीमच विकायचं असेल, तर ते खरंच असावं लागतं. तेव्हा दिवे, कॅमेरा, फोकस सगळं नकली गोळ्यावर जुळवतात. मग उणे ७८ अंशांच्या ड्राय आइसमध्ये ठेवलेल्या पंधरा-वीस खऱ्या गोळ्यांतून सगळ्यात देखणा निवडून आणतात. त्याला सेटवर ‘हिरो’ म्हणतात. कडा मऊ पडायच्या आत शॉट संपवायचा, नाहीतर दुसरा हिरो.

चहाच्या कपातून निघणारी वाफ बरेचदा चहाची नसते. कापसाचा ओला बोळा मायक्रोवेव्हमध्ये तापवून कपामागे लपवतात. मागची बाजू काळी आणि दिवा पाठीमागून, तरच वाफ दिसते. समोरून उजेड पडला की ती दिसेनाशी होते. चहाचा फेस साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून करतात. भाज्या अर्धवटच शिजवतात आणि वरून तेलाचा ब्रश फिरवतात, कारण पूर्ण शिजल्या की रंग उतरतो. बर्गरचं सारण सगळं कॅमेऱ्याच्या बाजूला ढकललेलं असतं, मागून तो रिकामा.

यात फसवणूक कुठे सुरू होते, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून कळतं. कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. गोट्यांमुळे भाज्या वर उचलल्या गेल्या आणि सूप गच्च भरल्यासारखं दिसलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० मध्ये कंपनीला ते थांबवायला लावलं. गोट्या कोणी सूप म्हणून विकत नव्हतं. पण ‘यात भाज्या भरपूर आहेत’ हे न बोललेलं वाक्य त्या गोट्याच बोलत होत्या. बाटलीवरचे ग्लिसरीनचे थेंब फक्त ‘थंड आहे’ म्हणतात आणि थंड तर तू घरीही करू शकतेस.

प्रश्न : मालिका व्यवस्थित ऐकू येते, जाहिरात लागली की रिमोटकडे धाव घ्यावी लागते. मुद्दाम आवाज वाढवतात का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, आवाजाची कमाल पातळी दोन्हींना सारखीच असते. फरक सरासरीत आहे. मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, मधेच एखादी किंकाळी. फक्त किंकाळी कमाल पातळीला टेकते. जाहिरातीचा ध्वनी मिक्स करताना ‘कॉम्प्रेसर’ लावून हळू भाग वर उचलतात, त्यामुळे पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सगळंच छताला टेकलेलं असतं. त्यातही माणसाच्या कानाला जे सूर सगळ्यात टोचतात, साधारण २ ते ५ किलोहर्ट्‌झमधले, ते वाढवलेले असतात. उंचीची मर्यादा पाळली आणि कान तरी किटले, असा हा प्रकार.

यावर मोजमापाचा उपाय आहे. शिखराऐवजी सरासरी मोजायची. युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये त्यासाठी उणे २३ ‘लफ्स’ (सरासरी आवाज मोजायचं एकक) हे प्रमाण ठरवलं. अमेरिकेने त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजाचा कायदाच केला. आपल्या केबल टी.व्ही. नियमांत जाहिरात ‘अति लाउड’ नसावी एवढंच म्हटलं आहे, आकडा दिलेला नाही. तोपर्यंत टी.व्ही.च्या साउंड सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करून बघा. तो हेच काम उलट्या बाजूने करतो. सेट-टॉप बॉक्सचा आवाज पूर्ण ठेवून कमी-जास्त टी.व्ही.वर केलेलं बरं.

जाता जाता : त्याच नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत. त्यांतली १० मिनिटं विक्रीच्या जाहिरातींना आणि २ चॅनलच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींना. घड्याळ लावून मोजायला हरकत नाही.

प्रश्न : मालिकेत एका थपडेवर आठ चेहरे दाखवतात, प्रोमोत दिसलेलं घडतच नाही आणि सासूबाई मधेच मसाल्याच्या पाकिटाचं कौतुक सुरू करतात. लेखकांना एवढंही कळत नाही का? (डोंबिवली)

लेखकांना कळतं. त्यांना मिळणारं वेळापत्रक कळलं की तुम्हालाही कळेल. अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीला साधारण २२ मिनिटं मिळतात आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे. थपडेचा शॉट दोन सेकंदांचा. त्यावर आठ जणांचे चेहरे, प्रत्येकी तीन सेकंद आणि संगीताचा एक ठोका, की अर्धं मिनिट भरलं. ते एकाच सेटवर, एकाच प्रकाशयोजनेत, नवा संवाद न लिहिता चित्रित होतं. एवढं स्वस्त अर्धं मिनिट दुसरं कुठलंच नाही.

पण हे खपतं कसं? त्याचं कारण मोजणीत आहे. ‘बार्क’ ही संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवून प्रेक्षक मोजते. प्रत्येक चॅनलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो. घरातल्या प्रत्येक माणसाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं. बघायला बसलं की दाबायचं. आकडा निघतो तो दर मिनिटाच्या सरासरी प्रेक्षकांचा. तुम्ही किती वेळ टिकून राहिलात हे त्यात धरलं जातं, तुम्हाला आवडलं की वैताग आला हे नाही. आठ चेहरे बघत तुम्ही खुर्चीवरून उठला नाहीत, म्हणजे ते कामाला आले. मीटर कोणाच्या घरी आहे हे गुप्त ठेवतात. त्यात गडबड झाल्याचे आरोप झाल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बंदच होते.

प्रोमोचं काम ठरावीक दिवशी तुम्हाला टी.व्ही.समोर आणणं. त्यात न घडणारा प्रसंग दाखवायचा असला की पळवाट ठरलेली : स्वप्न, कल्पना किंवा अर्ध्यावर तोडलेलं वाक्य. ‘मी हे घर सोडून...’ एवढंच प्रोमोत, आणि भागात ‘...कधीच जाणार नाही’.

मसाल्याच्या पाकिटाला या धंद्यात ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पाकीट मागे फडताळात दिसणं सगळ्यात स्वस्त, पात्राने हातात घेणं त्याहून महाग, नाव उच्चारून गुण सांगणं सगळ्यात महाग. ओळखायची खूण पाकीट धरण्यात आहे. रोजच्या स्वयंपाकात आपण पाकीट कसंही पकडतो. इथे बोटं कडेला, छापील बाजू बरोबर कॅमेऱ्याकडे आणि पाकीट छातीच्या उंचीवर. त्याच ओट्यावरच्या दुसऱ्या बाटल्यांची लेबलं काढलेली, कागद चिकटवलेली किंवा धूसर केलेली दिसली, तर खात्रीच समजा. हळदीकुंकू, डोहाळजेवण, दिवाळीचं फराळ अशा भागांत हे जास्त होतं, कारण सगळी पात्रं एकत्र असतात आणि वस्तू द्यायला-घ्यायला निमित्त असतं. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी कळावी असं नियम म्हणतो. सासूबाईंच्या तोंडच्या वाक्याला हा नियम कसा लावायचा, हे मात्र अधांतरीच आहे. आमच्या मते कोपऱ्यात ‘प्रायोजित’ एवढा शब्द तरी हवा.

प्रश्न : टेलिशॉपिंगवर ‘फक्त पुढची दहा मिनिटं’ आणि ॲपवर ‘शेवटचे २ नग’ हे खरं असतं का? (लातूर)

पडताळून बघा. ॲप बंद करून दोन तासांनी, दुसऱ्या मोबाइलवरून उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असेल तर ते शोभेचं आहे. टेलिशॉपिंगचे बरेच कार्यक्रम आधी चित्रित केलेले असतात, त्यामुळे ‘आत्ता फोन येताहेत’ याला अर्थ नसतो. २०२२ मध्ये नापतोल कंपनीला प्राधिकरणाने १० लाख रुपये दंड केला, तेव्हा दोन गोष्टी बजावल्या. भाग आधी चित्रित केलेला असेल तर तसं पडद्यावर दिसलं पाहिजे आणि ‘आज किंवा तासाभरात घेतलं नाही तर मिळणार नाही’ अशी कृत्रिम टंचाई दाखवायची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲप आणि संकेतस्थळांसाठी अशा तेरा ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या युक्त्यांवर, बंदी आली. खोटी घाई हा त्यांतला एक. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं आणि शेवटच्या पानावर जादा आकार उघड करणं हेही त्यातच येतं. पैसे भरण्याआधी एकूण रकमेची फोड उघडून वाचली तर बरंच सापडतं.

प्रश्न : स्थानिक केबलवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ आणि घरात ठेवलं की कर्ज फिटतं असं यंत्र, अशा जाहिराती रात्री लागतात. तक्रार कुठे करायची? (जळगाव)

दोन्हींसाठी कायदे आहेत. औषधी व जादुई उपचार कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टातले आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करताच येत नाही. त्यात मधुमेह आहे, कर्करोग, मोतीबिंदू, मूतखडा, लठ्ठपणा आहे, उंची वाढवणंही आहे. औषध आयुर्वेदिक असलं तरी सूट नाही. यंत्रांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं, की दैवी शक्तीचा दावा करून यंत्र विकण्याच्या टी.व्ही. जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतात.

तक्रार कशी लिहिली यावर तिचं पुढे काय होणार ते बरंचसं ठरतं. जाहिरातीचं मोबाइलवर चित्रण करा. चॅनलचं नाव, तारीख, वेळ, संपर्काचा क्रमांक दिसू द्या. दाव्याचं वाक्य शब्दशः उतरवून घ्या. ‘खोटी जाहिरात आहे’ एवढंच लिहिलं तर तपासायला काही उरत नाही. ‘तीन महिन्यांत इन्सुलिन बंद असं म्हटलं आहे’ लिहिलं तर उरतं. एका तक्रारीत एकच दावा ठेवा. औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करा, यंत्राची पोलीस ठाण्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फारसं कोणाला माहीत नसतं, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : चाळीस वर्षांपूर्वीच्या जिंगल्स अजून तोंडात आहेत, कालची जाहिरात आठवत नाही. असं का? (बेळगाव)

थोडा वाटा वयाचा, थोडा चॅनलच्या संख्येचा. विविध भारतीवर जाहिराती नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ मध्ये. ऐकायला-बघायला दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तीच चाल घरातल्या सगळ्यांच्या कानांवर रोज पडायची.

बांधणीही तशीच असायची. चाल पाच-सहा सुरांत, म्हणजे न शिकलेल्या गळ्यालाही झेपणारी. वस्तूचं नाव तालाच्या ठोक्यावर आणि तीस सेकंदांत तीन-चार वेळा. शब्द मोजके, यमक बडबडगीतासारखं. विकोच्या हळदीच्या क्रीमचं गाणं आठवून बघा. हे कॉस्मेटिक नव्हे, आयुर्वेदिक आहे, असं त्यात ठासून म्हटलेलं असायचं. त्या उत्पादनांना सौंदर्यप्रसाधन म्हणून कर लावायचा की औषध म्हणून, यावर कंपनीचा उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षं वादही चालला होता. हल्ली सहा आणि दहा सेकंदांच्या जाहिरातींत पूर्ण चाल मावतच नाही, म्हणून शेवटी चार सुरांची फक्त एक खूण वाजते.

प्रश्न : आमचं फरसाणचं दुकान आहे. रस्त्याच्या तोंडाशी आठ बाय चार फुटांचा फ्लेक्स लावायचाय. त्यावर मालाची यादी, दोन मोबाइल नंबर, देवाचा फोटो, पत्ता सगळं हवं. कसं बसवू? (कराड)

बसवू नका. चाळीसच्या वेगाने येणारा दुचाकीस्वार सेकंदाला ११ मीटर पुढे जातो. फ्लेक्स ३० मीटरवरून, म्हणजे शंभर फुटांवरून दिसायला लागला, तर त्याच्या हातात पावणेतीन सेकंद आहेत आणि त्यातही खड्डा चुकवायचा आहे. एवढ्यात पाच-सहा शब्द होतात.

अक्षरांचा ढोबळ हिशेब दहा फूट अंतराला एक इंच उंची असा आहे. शंभर फुटांसाठी दहा इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरायची. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार यांना वेगळी जागा लागते, त्यामुळे एक ओळ अठरा-वीस इंच खाते. चार फुटांत, म्हणजे ४८ इंचांत, समास सोडून दोनच ओळी उरतात. पहिलीत दुकानाचं नाव. दुसरीत ज्यासाठी लोक येतात तो एक पदार्थ आणि बाण : ‘ताजी भाकरवडी, डावीकडे’. यादी, पत्ता, नंबर दुकानाच्या काउंटरवर लावा, तिथे माणूस उभा असतो.

रंग पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर गडद लाल. निळ्यावर लाल अक्षरं लांबून थरथरतात. पदार्थाचा फोटो टाकायचा असेल तर एकच आणि मोठा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो देऊ नका, आठ फुटांवर त्याचे चौकोन फुटतात. पूर्ण मापात ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) भरला तरी फ्लेक्सला पुरतो. सगळ्यात जास्त घोळ फाँटचा होतो. डिझाइन एकाच्या संगणकावर, छपाई दुसऱ्याच्या. तिथे तो मराठी फाँट नसला की जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून फाइल देण्याआधी अक्षरं ‘कर्व्ह’मध्ये, म्हणजे फाँटची गरज नसलेल्या नुसत्या आकारांमध्ये, बदलून घ्या. मात्र त्यानंतर शब्द दुरुस्त करता येत नाही, तेव्हा शुद्धलेखन त्याआधी घरच्या दोघांकडून तपासून घ्या.

दुकानापासून दूर, सार्वजनिक जागी लावणार असाल तर नगरपालिकेची परवानगी घ्या. विनापरवाना फलकांवर १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली कारवाई होते. आणि दुकानाच्या मुख्य पाटीवर देवनागरी मराठी नाव आधी हवं, इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू आहे.

प्रश्न : मी खाद्यपदार्थांचे रील्स करते. हॉटेलवाले पैसे देत नाहीत, थाळी फुकट देतात. तरी ‘जाहिरात’ असं लिहावं लागेल का? लिहिलं तर लोक बघणार नाहीत. (कोल्हापूर)

लिहावं लागेल. पैसे, फुकट वस्तू, फुकट जेवण, सवलत, प्रवास, नातेवाईकाचं हॉटेल असणं, हे सगळं ‘हितसंबंध’ धरलं जातं. शब्द साधा वापरा : ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’. रील मराठीत असेल तर तो शब्दही मराठीत. वीस हॅशटॅगांच्या गर्दीत तो लपवणं किंवा नुसतं हॉटेलचं नाव टॅग करून ‘धन्यवाद’ म्हणणं चालत नाही. मजकुरात तो पहिल्या दोन ओळींतच हवा, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर दिसणारा नको.

व्हिडिओत किती वेळ ठेवायचा, याचा ॲस्कीचा हिशेब असा : १५ सेकंदांपर्यंतच्या रीलमध्ये किमान ३ सेकंद. १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलमध्ये १५ सेकंद. त्याहून मोठ्यात, हॉटेलबद्दल बोलणं चालू असेतोवर सतत. लाइव्ह असेल तर सुरुवातीला आणि शेवटी. शब्द पांढऱ्या भातावर पांढऱ्या अक्षरांत आला तर लावून न लावल्यासारखाच. कोपऱ्यात गडद पट्टी घेऊन तिच्यावर टाका; मात्र तळाचा भाग टाळा, तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येऊन तो झाकतो.

पदार्थ खरोखर खाऊन मत द्या. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आणि एक ते तीन वर्षांपर्यंत शिफारस करायला बंदी अशी तरतूद आहे. ‘ही मिसळ खाल्ली की पित्त होत नाही’ असलं वाक्य तर बोलूच नका. तो आरोग्याचा दावा होतो आणि त्यासाठी वेगळी पात्रता लागते.

लोक बघणार नाहीत ही भीती आहे, तर मग फुकट थाळीचं काय ते सरळ पहिल्या वाक्यातच बोलून टाका : ‘थाळी त्यांनी दिलीय, रस्सा मात्र मला पातळ वाटला.’

करांचंही बघून ठेवा. १ जुलै २०२२ पासून एखाद्या व्यवसायाने वर्षभरात २० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू किंवा सुविधा दिल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. थाळ्यांनी एवढी रक्कम भरणं अवघड, पण मिक्सर, फोन किंवा रिसॉर्टमधला मुक्काम मिळाला तर भरते. रील करून फोन परत केला तर तो त्यात धरत नाहीत. परत पाठवल्याची कुरिअरची पावती मात्र जपून ठेवा.